बाळाच्या नावांच्या पुस्तिका, ॲप आणि सल्लागार: मुलीच्या नावाला कमी काळजी का?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं की बाळाच्या नावांची एखादी पातळ पुस्तिका हमखास मिळते. किंमत साधारण शंभर-दीडशे रुपये. अर्ध्या भागात मुलांची नावं, अर्ध्या भागात मुलींची, शेवटी राशी-नक्षत्रांचा तक्ता. बारशाची तारीख ठरली की घरात ही पुस्तिका, मोबाइलवरची दोन-तीन ॲप आणि नातेवाइकांनी सुचवलेला एखादा अंकशास्त्री अशी सगळी साधनं एकदमच कामाला लागतात. इथे या तिन्हींचं परीक्षण केलं आहे. निकष एकच: मुलाच्या नावासाठी जी माहिती, जी काळजी आणि जो तपास मिळतो, तो मुलीच्या नावासाठीही मिळतो का? बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कुठे मिळत नाही, हे मात्र पैसे देण्याआधीच तपासता येतं.

आधी पुस्तिका. पहिली चाचणी दुकानात उभ्या उभ्या होते. मुलांच्या भागात 'उमेश' काढा आणि मुलींच्या भागात 'उमा'. उमेशसमोर 'शंकर' आणि उमासमोर 'शंकराची पत्नी' असं छापलेलं असेल, तर पुस्तिका खाली ठेवा. उमेश म्हणजे उमा अधिक ईश, उमेचा पती. रमेश म्हणजे रमेचा पती. लक्ष्मीकांत, गौरीश हेही त्याच घडणीचे. म्हणजे ज्या नावात 'पती' हाच मूळ अर्थ आहे तिथे तो गाळला जातो, आणि ज्या नावात पत्नीपणाचा मागमूस नाही तिथे तो घातला जातो. केनोपनिषदात उमा हैमवती येते ती इंद्राला ब्रह्म म्हणजे काय ते सांगायला. तिथे ती कुणाची पत्नी म्हणून येत नाही. मैत्रेयीचंही तसंच. बृहदारण्यक उपनिषदात ती याज्ञवल्क्याची पत्नी आहे हे खरंच, पण ती लक्षात राहिली ती संपत्ती नाकारून अमरत्वाचा प्रश्न विचारल्यामुळे, आणि पुस्तिकेत तेवढंच नेमकं सापडत नाही. भवानी, रुद्राणी, इंद्राणी या नावांबद्दल तक्रार नाही. तिथे 'त्याची पत्नी' हा अर्थ पाणिनीच्या सूत्रातूनच येतो. मग जिथे व्याकरण तो अर्थ देतं तिथे तो छापा, आणि तोच न्याय उमेशलाही लावा.

दुसरी चाचणी विशेषणांची. कुठलंही एक अक्षर घ्या, 'श' किंवा 'व' सोयीचं पडतं, आणि दोन्ही भागांतले अर्थ सलग वाचा. मुलांकडे पराक्रमी, विजयी, तेजस्वी, राजा, अजिंक्य यांची रांग लागते. मुलींकडे कोमल, नाजूक, सुंदर, लाजरी, शांत. नम्रता, लज्जा, क्षमा, मृदुला ही नावं मुलींच्या यादीत सहज येतात. मुलांच्या यादीत विनय आणि सुशील आहेत, पण 'नम्र' नावाचा मुलगा पुण्यात शोधूनही सापडणं कठीण. फुलांची नावं मुलींनाच शोभतात हा समज तर तपासला की लगेच गळून पडतो: पंकज, राजीव, अरविंद, नीरज ही सगळी कमळाचीच नावं आहेत. मात्र पंकजच्या बापाला कुणी 'मुलाला फुलाचं नाव कसं ठेवलंत' असं विचारत नाही, आणि 'अपराजिता' सुचवणाऱ्या आईला 'जरा जड नाही का होणार मुलीला?' हे ऐकावंच लागतं. चांगल्या पुस्तिकेत अपराजिता, विजया, जयंती, दुर्गा, वीरा ही नावं असतात आणि त्यांचे अर्थ पुसट केलेले नसतात.

तिसरी चाचणी अर्थाच्या खरेपणाची. 'आरव' हे गेल्या काही वर्षांतलं लाडकं नाव. कितीतरी याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, नाद. 'अनया'समोर काहीतरी गोड लिहिलेलं असतं, पण 'अनय' म्हणजे अनीती, दुर्वर्तन. हे होतं कसं? बऱ्याच याद्या आधी रोमन लिपीत तयार होतात आणि मग देवनागरीत उतरवल्या जातात. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ हरवतं, एका नावाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो आणि पुढच्या पुस्तिकेत तोच छापला जातो. याचा फटका मुलींना जास्त बसतो, कारण मुलींची बहुतेक नावं 'आ' किंवा 'ई'वर संपतात आणि नेमकी तीच मात्रा रोमन लिपीत दिसत नाही. उपाय सोपा आहे. नाव ठरवण्याआधी शब्दकोश उघडायचा. वामन शिवराम आपटे, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य, यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. नाव कोशात नसेल तर ते ठेवू नये असं नाही. पण मग ते नव्याने घडवलेलं आहे हे मान्य करावं, आणि 'संस्कृतात याचा अर्थ सूर्यकिरण' असं पाहुण्यांना सांगू नये.

पुस्तिकेचा शेवटचा तक्ता मात्र भेदभाव करत नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं. अश्विनी: चू, चे, चो, ला. मघा: मा, मी, मू, मे. रेवती: दे, दो, चा, ची. जन्मवेळेवरून चरण निघतो आणि चरणावरून अक्षर. मुलगा की मुलगी हा प्रश्न या गणितात कुठेच येत नाही. अडचण येते ती काही अक्षरांशी. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ', हस्ताच्या तिसऱ्याला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ' येतो आणि या अक्षरांनी सुरू होणारं नाव मराठीत नाही. अशा वेळी त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर घेतात किंवा पत्रिकेपुरतं नावरस नाव वेगळं ठेवून व्यवहारात आवडीचं नाव वापरतात. ही सवलत मुलगा असो की मुलगी, सारखीच मिळायला हवी. मुलासाठी 'अक्षर सोडा, नाव भारदस्त हवं' आणि मुलीसाठी 'अक्षर आलंय, त्यातलंच बघा' असं होऊ लागलं, तर घरातल्या कुणीतरी तिथेच थांबवावं.

याच तक्त्याच्या आसपास एक नियम छापलेला आढळतो: मुलाचं नाव समाक्षरी, मुलीचं विषमाक्षरी. नियम जुना आहे, पारस्कर गृह्यसूत्रात तो आहे. पण तो लावून बघा. उमा, रमा, सीता, राधा, गौरी: सगळी दोन अक्षरी, म्हणजे सम. केशव, माधव, गणेश: तीन अक्षरी, म्हणजे विषम. सर्वांत पूज्य नावांनाच जो नियम लागू पडत नाही, तो आपल्या बाळावर लादण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीत आणखी एक आहे. तिसऱ्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं सांगितलं आहे. वराच्या नावावर मात्र तशी अट नाही. महाराष्ट्राने हा श्लोक कधीच मनावर घेतला नाही, आणि ते बरंच झालं. रोहिणी, अश्विनी, स्वाती, चित्रा, गोदावरी, यमुना, कृष्णा, मैना ही नावं घरोघरी आहेत. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या आणि त्यांना नाव मिळालं तिथल्या नदीचं.

आता ॲप. बहुतेक ॲप उघडताक्षणी पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी' असा विचारतात आणि पुढची सगळी यादी त्यावर बेततात. ॲप घेतल्यावर हे करा: दोन्ही बाजूंना एकच अक्षर द्या आणि अर्थाच्या गाळण्या (फिल्टर) तपासा. 'बुद्धी', 'शौर्य', 'नेतृत्व' या गाळण्या मुलींच्या बाजूलाही आहेत का? 'सौंदर्य' मुलांच्या बाजूला आहे का? नसतील तर ॲप ठेवलं तरी गाळणी वापरू नका, पूर्ण यादी वाचा. 'दोघांसाठी' असा तिसरा गट असतो त्यात किरण हमखास सापडतो. पण हा गट एकाच दिशेने भरत जातो. मुलांचं नाव मुलीला दिलं की आधुनिक, मुलीचं नाव मुलाला दिलं की हसं. त्यातून एखादं नाव मुलींकडे गेलं की मुलांकडे परत येत नाही. कमल, सुमन, सरोज ही नावं हिंदी पट्ट्यात पुरुषांचीही आहेत, आपल्याकडे ती बायकांचीच झाली. ज्योती म्हटलं की आपल्याला मुलगी आठवते, पण ज्योती बसू पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, आणि पुण्याच्या जोतीराव फुल्यांचं नाव जोतिबावरून आलेलं. नाव बायकी की पुरुषी हे प्रदेश आणि काळ ठरवतात, आणि ॲपवाल्याला हे माहीत नसतं.

ॲपमधलं स्पेलिंग वेगळं तपासा. आर्य आणि आर्या, शौर्य आणि शौर्या ही दोन-दोन नावं रोमन लिपीत एकसारखीच लिहिली जातात. गोंधळ टाळायचा म्हणून जादा 'ए' जोडला जातो तो नेहमी मुलीच्या नावाला. मग आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर तीच 'डबल ए' असं सांगत राहते. नाव आवडलं असेल तर जरूर ठेवा, पण स्पेलिंग जन्मनोंदणीच्या आधी पक्कं करा आणि रुग्णालयाचा फॉर्म, आधार, लसीकरणाचं कार्ड या तिन्हींवर तेच लिहा.

अंकशास्त्रावर पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि कारण हिशेबातच दिसतं. 'सई' हे नाव घ्या. इंग्रजी अक्षरांना क्रमाने १ ते ९ अंक देणाऱ्या पायथागोरस पद्धतीत एस-ए-आय असं लिहिलं तर बेरीज ११, म्हणजे २. एस-ए-ई-ई लिहिलं तर १२, म्हणजे ३. एस-ए-वाय-ई-ई लिहिलं तर १९, म्हणजे १. अक्षरांना वेगळे अंक देणाऱ्या खाल्डियन पद्धतीत हीच तीन स्पेलिंग अनुक्रमे ५, ५ आणि ६ देतात. मुलगी तीच, हाक तीच, आणि नावाचा अंक मात्र वाटेल तो. तरीही जायचंच असेल तर एक प्रश्न आधी विचारा: बेरीज पूर्ण नावाची करणार की फक्त पहिल्या नावाची? मुलासाठी आडनावासकट बेरीज आणि मुलीसाठी 'आडनाव पुढे बदलेलच, पहिलंच घेऊ' असं उत्तर आलं, तर फी देऊ नका. बारा दिवसांच्या मुलीच्या लग्नाचा निर्णय त्या सल्लागाराने तिच्या वतीने घेऊन टाकला आहे.

या सगळ्या असमानतेचं मूळ तिथेच आहे. मुलाचं नाव जन्मभरासाठी, मुलीचं नाव लग्नापर्यंत, असं धरून ही साधनं बनतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत आजही कितीतरी लग्नांत होते. पुण्याच्या इतिहासात याची उदाहरणं हातभर लांब आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव यमुना होतं. पुढे स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था उभारणाऱ्या रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच होत्या. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. तिघींपैकी कुणाच्याही नवऱ्याचं नाव बदललं नाही.

आणि धोंडो हे नाव कसं पडतं तेही बघा. धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी अशी नावं मुलग्यांना ठेवत ती आधीची मुलं दगावली म्हणून. नाव ओबडधोबड असलं की दृष्ट लागणार नाही, पोरगं जगेल, ही भावना. मुलीला 'नकोशी' नाव ठेवतात ते उलट कारणाने: पुढचा तरी मुलगा होऊ दे. दिसायला दोन्ही नावं वाईटच, पण एकात जीव वाचवण्याची धडपड आहे आणि दुसऱ्यात ती नको होती याची नोंद. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची अशी नावं जाहीर कार्यक्रमात बदलली गेली. शहरात नकोशी कुणी ठेवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या मुलीसाठी 'आता पुरे' या अर्थाचं गोंडस संस्कृत नाव शोधून मागणारे असतात. सुचवणाऱ्याने अशी मागणी नाकारावी. ती मुलगी मोठी झाल्यावर नावाचा अर्थ विचारणारच आहे.

वापरायची पद्धत आम्ही अशी सुचवतो. बाळ येण्याआधीच दोन्ही याद्या करा, प्रत्येकी सात-आठ नावांच्या, आणि दोन्हींना एकच प्रश्नावली लावा. कोशात अर्थ काय? मोठ्याने हाक मारली तर जिन्याच्या तळापर्यंत ऐकू जातं का? शाळेत त्याचं काय होईल? विक्रमचा विक्या होतो, वैशालीची वैशे होते, आणि शौर्यचा शौऱ्या झाला की तो ऐकायला जवळजवळ मुलीचंच नाव होतं. यातलं काहीच वाईट नाही, फक्त आधी माहीत असावं. साठाव्या वर्षी हे नाव पाटीवर कसं दिसेल, हा प्रश्न मुलांच्या यादीला सहज विचारला जातो. 'डॉक्टर', 'न्यायमूर्ती', 'सरपंच' ही बिरुदं मुलीच्या यादीतल्या प्रत्येक नावाआधी लावून वाचा. जे नाव फक्त पाळण्यात शोभतं ते यादीतून काढा, आणि हीच कात्री मुलांच्या यादीलाही लावा.

मग पूर्ण नाव म्हणून बघा, आणि ते आता चार शब्दांचं आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय दस्तऐवजांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. घरातली मोठी माणसं याला नवं फॅड म्हणतील. त्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांकडे बोट दाखवा: तिथल्या शिलालेखांत गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे राजे आईच्या नावानेच ओळखले जातात. पुस्तिका आणि ॲप अजून जुन्याच तीन शब्दांच्या हिशेबाने चालतात, त्यामुळे चारही शब्द एका दमात म्हणून बघायचं काम आपलं आपणच करायचं. तीन लांब नावं एकापुढे एक आली तर बाळासाठी दोन-तीन अक्षरी नाव सुटसुटीत पडतं. पासपोर्टच्या फॉर्मात मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, आडनाव सोडून बाकी सगळं पहिल्या रकान्यात जातं, हेही लक्षात असू द्या.

नोंदणीची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि ती बहुधा रुग्णालयाकडूनच जाते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. उलट एकदा घातलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलणं अवघड. नोंदवहीत दुरुस्ती होते ती मुख्यतः लेखनाच्या चुकीची. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे, तेव्हा महिनाभर जास्त लागला तरी चालेल.

विकत काय घ्यावं? उमा-उमेशच्या चाचणीत टिकणारी एक पुस्तिका, तीही १०८ अक्षरांच्या तक्त्यासाठी. ॲप फुकटचं पुरे. अंकशास्त्री नको. बारशाच्या सजावटवाल्याला आधीच सांगा की मुलगा असो वा मुलगी, फलकावर फक्त नाव हवं. 'राजकुमार आला', 'लक्ष्मी आली' हे त्यांचे तयार साचे असतात आणि न सांगता तेच लागतात. पेढे की बर्फी हेही तुम्हीच ठरवा, मिठाईवाला मुलगा झाला असं धरूनच पेढ्यांचा डबा पुढे करतो.

एक तपासणी बाळाच्या नावाची नाही, आईच्या नावाची आहे, आणि सगळ्यात जास्त खोळंबा तिथेच होतो. लग्नात पहिलं नाव बदललेल्या बाईची दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि रुग्णालयाची फाइल घरच्यांनी घाईत सांगितलेल्या तिसऱ्याच नावाने असते. आता तेच नाव बाळाच्या नावातला दुसरा शब्द होणार आहे. म्हणून रुग्णालयात नाव नोंदवतानाच, शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यात, आईने आपलं कोणतं नाव वापरायचं ते स्वतः ठरवावं, आधारवर तेच आहे का बघावं, नसेल तर आधी तिथे दुरुस्त करून घ्यावं, आणि जन्माच्या अहवालाचा फॉर्म सही होऊन जाण्याआधी आईच्या नावाचा रकाना तिनेच वाचावा.